विजयस्तंभ आणि विद्रोही गीत : आयरिश बंडगीते व मराठी शाहिरी यांच्या संदर्भात काही विचार

प्रस्तावना

वसाहतकालीन पुतळे व स्मारके हटवावीत की ठेवावीत, हा प्रश्न अलीकडच्या काळात जगभर पुन्हा ऐरणीवर आला आहे. २०१५ साली केप टाऊन विद्यापीठाच्या आवारातून सेसिल ऱ्होड्सचा पुतळा हलविण्यात आला. २०२० साली ब्रिस्टॉलमध्ये एडवर्ड कोल्स्टन या गुलामांच्या व्यापाऱ्याचा पुतळा जमावाने पाडून बंदरात ढकलून दिला. या चर्चेत लोकगीताला बहुधा दुय्यम स्थान मिळते. स्मारक सत्तेचे आणि गीत जनतेचे, स्मारक दडपणारे आणि गीत प्रतिकार करणारे, अशी एक सोयीची विभागणी आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात ही विभागणी मराठी शाहिरीच्या संदर्भात कितपत टिकते, याचा विचार करावयाचा आहे.

या विचाराचे निमित्त वर्गातले आहे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला लोकसाहित्याचा भाग शिकवीत असताना मी पोवाड्याची व्याख्या सांगत होतो. शेवटच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने भीमा कोरेगावच्या गाण्याचा उल्लेख केला. दरवर्षी १ जानेवारीला त्याच्या वस्तीतून गाडी जाते व वाटेत ही गाणी म्हटली जातात. त्यावर दुसऱ्याने विचारले, "सर, पण तो स्तंभ तर इंग्रजांनीच बांधलेला ना? मग ते बंडाचे गाणे कसे?" एम. फिल. साठी शाहिरीचाच अभ्यास केलेला असूनही मला त्या तासाला समाधानकारक उत्तर देता आले नाही. प्रश्न खोडसाळ नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

आयर्लंड : गीत आणि स्फोट

आयर्लंडचे उदाहरण प्रथम घ्यावयाचे ते अशासाठी की, तेथे वर उल्लेखिलेली विभागणी जवळजवळ तंतोतंत लागू पडते. डब्लिनच्या मुख्य रस्त्यावर १८०९ साली पूर्ण झालेला नेल्सन स्तंभ ८ मार्च १९६६ रोजी स्फोटाने उडविण्यात आला. ते १९१६ च्या ईस्टर उठावाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष होते. उरलेला बुंधा सैन्याने आठवडाभरातच पाडला. बेलफास्टच्या काही शिक्षकांनी या घटनेवर एका जुन्या अमेरिकन युद्धगीताच्या चालीवर गाणे रचले आणि ते आयर्लंडच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत आठ आठवडे अग्रस्थानी राहिले. राजधानीतील स्मारक पडते आणि सारा देश हसत गाऊ लागतो, हे दृश्य आपल्याकडे विरळ आहे.

मात्र ज्यांना आपण आयरिश 'लोकगीते' म्हणतो, त्यांतील बरीचशी अनाम लोकांनी रचलेली नाहीत. १७९८ च्या उठावावरील 'बूलावोग' हे प्रसिद्ध गीत पी. जे. मॅकॉल यांनी १८९८ साली, म्हणजे उठावाच्या शताब्दीनिमित्त लिहिले. त्याच शताब्दीच्या प्रेरणेने गावोगावी उठावाची स्मारकेही उभी राहिली. वेक्सफर्ड येथील भालाधारी बंडखोराचा पुतळा १९०५ चा आहे. म्हणजे गीत आणि पुतळा हे एकाच स्मरणप्रक्रियेचे अपत्य होते. दोघांनीही निवड केली. गीताच्या केंद्रस्थानी कॅथलिक धर्मगुरू आला; उत्तरेकडे त्याच उठावाचे नेतृत्व मोठ्या प्रमाणात प्रेस्बिटेरियन मंडळींनी केले होते, ही गोष्ट गीताच्या परिघाबाहेर राहिली. लोकगीताला सत्याचा निरपवाद साक्षीदार मानणाऱ्या आपल्या अभ्यासकांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

महाराष्ट्र : डांबर, आदेश आणि मौन

महाराष्ट्रात या दोहोंचा संयोग एकदा स्पष्टपणे झाला. १८९६ साली दामोदर हरी चापेकर यांनी मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले व गळ्यात जोड्यांची माळ घातली; तसे त्यांनी स्वतःच पुढे तुरुंगात लिहून ठेवले आहे. हेच दामोदरपंत शिवजयंती व गणेशोत्सवात वीररसाचे श्लोक म्हणत असत. पुढे १९०९ साली नाशिकच्या बाबाराव सावरकरांना केवळ कवितांचे पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. गाण्याचे सामर्थ्य आपल्या समीक्षेपेक्षा इंग्रज न्यायाधीशाला अधिक कळले होते, असे म्हणण्याचा मोह होतो.

परंतु स्वातंत्र्योत्तर काळात पुतळे हलविण्याची वेळ आली, तेव्हा शाहीर त्या जागी नव्हता. १८७९ साली बसविलेला, अल्बर्ट ससून यांनी दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये काळा घोडा येथून हलवून भायखळ्याच्या उद्यानात ठेवण्यात आला. राणीचा पुतळाही भायखळ्याच्याच वस्तुसंग्रहालयाच्या आवारात गेला. हे सर्व प्रशासकीय आदेशाने झाले. त्यावर लोकांच्या तोंडी बसलेले गाणे निर्माण झाले नाही. घोडा गेला तरी 'काळा घोडा' हे नाव मात्र राहिले, इतके की २०१७ साली तेथे स्वाराविना घोड्याचा नवा पुतळा उभारावा लागला.

शाहीर कोठे होता? तो शेजारीच, फ्लोरा फाउंटनपाशी होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी तेथे झालेल्या गोळीबारानंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख व अण्णाभाऊ साठे यांची शाहिरी ऐन भरात होती. 'माझी मैना गावावर राहिली' ही अण्णाभाऊंची प्रसिद्ध छक्कड याच चळवळीतील. चौकाला हुतात्म्यांचे नाव मिळाले, नवे स्मारक उभे राहिले, आणि १८६४ चे इंग्रजी कारंजेही तसेच राहिले. ते हटवावे असे कोणा शाहिराला वाटले नाही. मराठी शाहिराचा प्रतिपक्ष त्या क्षणी दगडी इंग्रज नव्हता. तो जिवंत होता, आणि बहुतेक वेळा आपलाच होता.

डब्लिनची कमान आणि कोरेगावचा स्तंभ

वर्गातल्या प्रश्नाकडे आता वळता येईल. त्यासाठी नेल्सन स्तंभापेक्षा डब्लिनमधील दुसरे एक स्मारक अधिक उपयोगी आहे. सेंट स्टीफन्स ग्रीन या उद्यानाच्या प्रवेशाशी १९०७ साली उभारलेली फ्युझिलिअर्स आर्च ही कमान आहे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिश सैन्यातून लढताना मेलेल्या आयरिश शिपायांची नावे तिच्यावर कोरलेली आहेत. साम्राज्याने उभारलेले स्मारक आणि त्यावर नावे मात्र 'आपल्या' माणसांची. डब्लिनच्या राष्ट्रवाद्यांनी तिला देशद्रोह्यांचा दरवाजा असे नाव ठेवले. याच वृत्तीचा प्रत्यय चार्ल्स ओनील यांच्या 'द फॉगी ड्यू' या गीतातही येतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडसाठी दूरदेशी मेलेल्यांपेक्षा डब्लिनमध्ये मेलेल्यांचे मरण श्रेष्ठ, हा त्याचा आशय आहे.

भीमा कोरेगावचा स्तंभ हा या कमानीचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने पेशव्यांच्या कित्येक पटींनी मोठ्या फौजेशी दिवसभर झुंज दिली. १८२१ साली कंपनीने तेथे स्तंभाची पायाभरणी केली. त्यावर कोरलेल्या कंपनीच्या मृत शिपायांच्या नावांत 'नाक' या प्रत्ययाने ओळखू येणारी महार शिपायांची नावे आहेत. आयरिश मापदंड लावला तर हाही देशद्रोह्यांचाच स्तंभ ठरला असता, आणि असे म्हणणारे आजही आहेत. परंतु १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले. त्यानंतर ती जागा मानवंदनेची झाली, आणि जलसाकारांनी व भीमगीतकारांनी तिला गाण्यात आणले.

हा फरक कशामुळे पडला? आयरिश बंडगीतातील 'आम्ही' एकसंध मानलेला आहे. इंग्रज समोर आणि सारे आयरिश अलीकडे. त्यामुळे पलीकडे गेलेला आयरिश शिपाई आपोआप फितूर ठरतो. मराठी समाजात हा 'आम्ही' इंग्रज येण्यापूर्वीच दुभंगलेला होता. गावकुसाबाहेर ज्याला ठेवले, त्याने गावाशी कोणती निष्ठा राखावयाची होती, हा प्रश्न कोरेगावचे गाणे विचारते. हे गाणे इंग्रजांच्या स्तुतीचे आहे, असे मानणे हा वरवरच्या वाचनाचा परिणाम होय. १८९० च्या दशकात याच इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर यांनी व पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारदरबारी अर्ज करून जुन्या लष्करी सेवेची आठवण करून दिली. स्तंभ असा प्रथम इंग्रजांविरुद्धच पुरावा म्हणून उपयोगी पडला : तुम्हीच आमची नावे कोरलीत, मग दार का बंद केलेत?

जोतीराव फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचून त्यांना कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले, तेव्हाच पोवाडा ही कोणा एका पक्षाची मिरास उरली नव्हती. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र आजही पेशवाईतील शाहीर आणि स्वातंत्र्यलढ्यातील शाहीर एका घटकात, व भीमगीते 'दलित साहित्य' या शीर्षकाखाली दुसरीकडे, अशी वाटणी आढळते. एका अभ्यासमंडळाच्या बैठकीत ही दोन्ही एकत्र ठेवावीत असे मी सुचविले, तेव्हा 'विषय संवेदनशील आहे' एवढ्याच शेऱ्यावर चर्चा आटोपली. विद्यार्थ्याचा प्रश्न अशा वाटणीतूनच जन्माला येतो.

अर्थात, कोरेगावच्या गाण्यांची चिकित्साही व्हावयास हवी. अनेक गाण्यांत ही लढाई पाचशे महार विरुद्ध सारी पेशवाई एवढीच उरते. प्रत्यक्षात कंपनीच्या तुकडीत महारांबरोबर मराठे, मुसलमान व मद्रासच्या तोफखान्यातील गोरे गोलंदाज होते. पेशव्यांच्या बाजूने अरब लढत होते. गीत हा तपशील गाळते, जसे मॅकॉलच्या गीताने उत्तरेकडचे बंडखोर गाळले. ही चूक म्हणून दाखवून थांबणे समीक्षकाला शोभत नाही. काय गाळले व का गाळले, हे वाचणे त्याचे काम आहे. १ जानेवारी २०१८ रोजी द्विशताब्दीच्या दिवशी तेथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेतील गाणी पोलीस तक्रारीत नमूद झाली आणि पुढे कबीर कला मंचाच्या कलावंतांना अटकही झाली. खटल्याचा निर्णय न्यायालयाचा आहे. परंतु १९०९ प्रमाणेच येथेही गीताचा शब्द शब्दशः वाचला गेला, आणि गीत शब्दशः वाचता येते काय, हे सांगण्यासाठी मराठीचे प्राध्यापक फारसे पुढे आले नाहीत.

आपल्या परिसरापुरते

कोरेगाव नांदेड-लातूरपासून दूर आहे. निजामाच्या मुलखात तसा स्तंभ नव्हता. येथे गीत दगडापेक्षा नावाभोवती अधिक फिरले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंतची सोळा वर्षे जलशांनी जागती ठेवली. त्या विद्यापीठाचे प्रवेशद्वार स्मारक म्हणून बांधलेले नव्हते. पण आज १४ जानेवारीला लोक तेथे नतमस्तक होतात. येथे गीत आधी आले, स्मारक मागाहून झाले.

याउलट मुक्तिसंग्रामाची स्मारके आहेत. १९४६ साली रझाकारांच्या हातून गोविंदराव पानसरे बिलोलीजवळ अर्जापूर येथे हुतात्मा झाले. जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला गेला. या घटना १७ सप्टेंबरच्या भाषणांत येतात, गीतांतही येतात. जे गीतात येत नाही, तेही याच परिसरातले आहे. पोलीस कारवाईनंतर १९४८ च्या अखेरीस भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने आपल्या अहवालात मृतांचा किमान आकडा २७ ते ४० हजार सांगितला. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड यांची नावे घेतली. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच होता. हे मृत प्रामुख्याने मुसलमान होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. रझाकारांनी आधी केलेले अत्याचार खरे आहेत आणि समितीनेही ते नमूद केले आहेत. पण या दुसऱ्या मृतांसाठी नांदेडच्या वा लातूरच्या चौकात दगड उभा नाही, आणि मराठी शाहिरीनेही त्यांच्यासाठी डफ हाती घेतला नाही.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या आठवड्यात डब्लिनच्या कमानीची गोष्ट सांगितली. त्याने ती ऐकून घेतली आणि १७ सप्टेंबरला त्याच्या गावात म्हटली जाणारी गाणी लिहून आणतो म्हणाला. आजीकडून त्या काळाविषयी ऐकलेले आणखीही काही आहे, पण ते गाण्यात नाही, एवढे तो बोलला.