संकेतस्थळ पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगून गेले. मी दोन्ही पाहिली. घर चंद्रपुरात बांधले, त्यामुळे उन्हाळ्यात त्यात राहवत नाही. लग्नाबद्दल ह्या लेखात काही लिहायचे नाही, कारण माझे लेख पहिल्यांदा घरातच वाचले जातात. पण वाडवडिलांना एक तिसरी गोष्ट ठाऊक नव्हती. ती ठाऊक असती तर म्हणीत तिचा नंबर पहिला लागला असता.

त्याचे असे झाले. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी भाषांतराचा आणि मुद्रितशोधनाचा धंदा मांडला. धंदा म्हणजे इंग्रजीचे मराठी करायचे, मराठीचे हिंदी करायचे आणि तिन्ही भाषांत लोकांनी केलेल्या चुकांखाली लाल रेघ ओढायची. गिऱ्हाईक तीन प्रकारचे. ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळचे रिसॉर्टवाले, वडशाच्या नाटक मंडळ्या आणि गडचिरोलीकडच्या ग्रामसभा. पैकी रिसॉर्टवाले पैसे देतात, नाटकवाले पास देतात आणि ग्रामसभावाले मोहाची फुले आणून देतात. असा कोणाचाही नोकर नसलेला आणि सगळ्यांचेच काम करणारा जो माणूस, त्याला इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. हा शब्द सर वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीमुळे रूढ झाला आणि तिथे त्याचा अर्थ आहे भाडोत्री भालाईत. माझा भाला म्हणजे तांबड्या शाईची रिफिल.

तर एका रिसॉर्टच्या मॅनेजरने फोनवर विचारले, "सर, आपली वेबसाईट?"

"वेबसाईट नाही, पाटी आहे," मी म्हणालो.

"कुठे?"

"घरावर."

पलीकडे तो काही वेळ गप्प राहिला. मयताला गेल्यावर आपण राहतो तसा.

संध्याकाळी भाचा आला. त्याच्यापुढे मी हे दुःख मांडले. तो म्हणाला, "मामाजी, आजकाल जो गूगलवर सापडत नाही, तो हायेच नाही ना जी!"

"अरे, मी हा काय तुझ्यासमोर बसलोय!"

"तुम्ही हाये. पण सिद्ध नाही होत."

पेन्शन घेणाऱ्या माणसाला हा मुद्दा चटकन पटतो. आम्ही दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. त्याशिवाय सरकारही आम्हाला जिवंत धरत नाही. तेव्हा हयातीचा आणखी एक दाखला काढायचे ठरले.

आता मूळ विषय. स्वतःचे संकेतस्थळ बांधायला हल्ली गवंडी लागत नाही. तयार साचे देणाऱ्या कंपन्या आहेत. आपण साचा निवडायचा, त्यात आपले नाव ओतायचे आणि मोकळे व्हायचे. अशा कंपन्यांची परीक्षणे मी भाच्याच्या मदतीने आठवडाभर वाचली आणि परीक्षकांविषयी माझे मत फारच वाईट झाले. मी झाडीपट्टीतला प्रेक्षक. आमच्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम, आणि नाटक रात्रभर. शेवटच्या अंकापर्यंत घोंगडीत बसून राहील तोच नाटकावर बोलेल, असा इथला रिवाज आहे. हे परीक्षक पडदा वर गेल्याबरोबर टाळ्या वाजवून घरी जातात. "अर्ध्या तासात स्थळ तयार!" म्हणून पाच तारे. पुढे नायकाचे काय झाले हे त्यांनी पाहिलेलेच नसते. शिवाय त्यांतल्या पुष्कळांना तिकिटामागे दलाली मिळते असेही कळले. म्हणून हे परीक्षण मी स्वतःच करतो आहे. मला दलाली मिळत नाही. कोणी विचारलेलीही नाही.

पहिला प्रवेश साच्यांच्या दालनात. इथे शेकडो साचे टांगलेले असतात आणि प्रत्येकात एक दाढीवाला तरुण खिडकीपाशी कॉफी पीत बसलेला असतो. तो बहुधा छायाचित्रकार असतो. ह्या कंपन्यांच्या मते जगातले सगळे मुक्त व्यावसायिक एक तर छायाचित्रकार आहेत, नाही तर योगासने शिकवतात. साच्यात निम्मे पान मोठ्या चित्राला आणि मजकुराला दीड ओळ. मी चित्र कशाचे लावणार? लाल शाईने रक्तबंबाळ झालेल्या कागदाचे? भाच्याने वाघाचा फोटो सुचवला. चंद्रपुरात कशालाही वाघाचा फोटो चालतो हे खरे, पण मुद्रितशोधनाखाली वाघ पाहून लेखक यायचे नाहीत.

साच्यातला रिकामा मजकूर मात्र मला आवडला. 'लोरेम इप्सम' म्हणून सुरू होणारी ती भाषा म्हणजे सिसेरोच्या लॅटिनची मोडतोड आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकाचे मुद्रितशोधन इतके वाईट झालेले पाहून ह्या धंद्याची गरज नव्याने पटली.

दुसऱ्या प्रवेशात मराठी येते आणि घोटाळा सुरू होतो. मी माझा परिचय जुन्या टायपिंगच्या फाइलमधून उचलून चिकटवला. युनिकोडच्या आधीचा फॉन्ट तो. पानावर जे उमटले ते कुठल्याच भाषेत नव्हते. ते पुन्हा टंकले. मग 'भाषांतर' हे शीर्षक मोठ्या अक्षरांत घातले, तर त्याचे 'भा षां त र' झाले. कारण साचा रोमन लिपीसाठी कातलेला. त्या लिपीत कॅपिटल अक्षरे जरा लांब लांब बसवली की भारदस्त दिसतात. आमची अक्षरे शिरोरेखेला धरून उभी असतात, आणि त्यांच्यात अंतर पाडले की रेघ तुटते. पडलेल्या दातांच्या हसण्यासारखे ते शीर्षक दिसायला लागले. हे अंतर शून्यावर आणण्याची कळ काही ठिकाणी सापडते, काही ठिकाणी सापडत नाही, आणि परीक्षक तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. साच्याचा देखणा टंक देवनागरी जाणतच नसला तर इंग्रजी मजकूर सुटाबुटात आणि मराठी शेजारच्याच्या लेंग्यात, असा प्रकार होतो. वास्तविक मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींनी केलेला 'मुक्ता' टंक गूगलच्या भांडारात फुकट आहे. तो घातला की पान माणसांत येते. तेव्हा साचा पाहताना दाढीवाल्याकडे पाहू नका. आधी 'शिरोरेखा' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून पाहा.

पानाचे वजन ही दुसरी गोष्ट. माझ्या पहिल्या साच्यात वरती समुद्राच्या लाटांची हलती फिल्म होती. (चंद्रपुरात समुद्र!) घरच्या वायफायवर ती छान हलायची. एटापल्लीकडचा एक गिऱ्हाईक फोनवर म्हणाला, "गुरुजी, तुमचं उघडून तं राह्यलं, पण उघडत नाही." त्याच्याकडे मोबाईलला एकच दांडी येते, तीही टेकाडावर गेल्यावर. लाटेसाठी तो टेकाडावर किती वेळ उभा राहणार? फिल्म काढून टाकली.

ही सगळी कुरबूर मी वर्षभर एकाच कंपनीत केली. कंपनीचे नाव घेत नाही. पहिल्या वर्षी भाडे नगण्य होते. पहिल्यांदा आलेल्या जावयाचा पाहुणचार असतो तसे सगळे सुरळीत चालले होते. दुसऱ्या वर्षीचे बिल आले तेव्हा मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचले आणि बिऱ्हाड हलवायचे ठरवले. तोपर्यंत त्या स्थळावर मी शुद्धलेखनावरची चाळीस टिपणे लिहिली होती. त्यांचे गाठोडे बांधून द्या, असे कंपनीला कळवले. अत्यंत सभ्य इंग्रजीत उत्तर आले. त्याचे भाषांतर मी कोणाकडून पैसे न घेता केले ते असे : मजकूर आपलाच आहे, मात्र तो येथून बाहेर नेण्याची सोय नाही.

हे पत्र हातात घेऊन बसलो होतो तेव्हा धानोऱ्याकडचे एक म्हातारबुवा ग्रामसभेचे कागद घेऊन आले. त्यांनी विचारले, "काहून गुरुजी, तोंड असं?" मी समजेल तेवढे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पानाची पिंक टाकून आले आणि म्हणाले, "म्हणजे टी.पी. नाही भेटत, असं सांगा ना जी."

आठवडाभर वाचलेल्या एकाही परीक्षणात हा शब्द नव्हता. त्याचा अर्थ कळायला गडचिरोली जिल्ह्याची माहिती हवी. टी.पी. म्हणजे वाहतूक परवाना. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे गोंडांचे गाव आहे. भोवती बांबूचे रान. वनस्पतिशास्त्र म्हणते बांबू हे गवत आहे. १९२७ चा वन कायदा म्हणाला ते झाड आहे, आणि झाड म्हटले की ते सरकारचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला, आणि २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तो विकून सीमेबाहेर न्यायचा तर टी.पी. हवी, आणि टी.पी.चे पुस्तक वन खात्याच्या कपाटात. म्हणजे बांबू तुमचाच, फक्त तो जिथे उगवला तिथेच तुमचा. गावाने हे मानले नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रातले तेव्हाचे मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती गेले. म्हातारबुवांच्या लेखी मालकीची गोष्ट तिथे पुरी होते, त्याआधी नाही.

मग मी सगळ्या कंपन्यांना हा एकच प्रश्न लावून पाहिला आणि परीक्षणाचा निकाल भराभर लागला. विक्स ही २००६ ची इस्रायली कंपनी. बांधायला तिच्याइतकी लाघवी दुसरी नाही. हवे ते उचला, हवे तिथे ठेवा. फुकटात राहिलात तर तुमच्या दारावर तिची पाटी असते, तेही समजण्यासारखे आहे. पण बांधलेले घर उचलून दुसरीकडे नेता येत नाही असे ती स्वतःच आपल्या मदतीच्या पानांत लिहून ठेवते. प्रामाणिकपणा म्हणून गुण द्यायला हवेत, टी.पी. म्हणून शून्य. स्क्वेअरस्पेस दिसायला सगळ्यांत देखणी. फुकटाचा कारभार नाही, चौदा दिवस पाहा आणि मग पैसे मोजा. तिथून पाने आणि टिपणे काही प्रमाणात बाहेर काढता येतात. सामान येते, मांडणी मागे राहते. गूगल साइट्स फुकट, साधी, जिल्हा परिषदेच्या शाळेसारखी. चार खोल्या आणि एक फळा, पण छप्पर गळत नाही आणि सामान काढून घेता येते.

वर्डप्रेस २००३ पासून आहे. ह्या नावाचे जुळे भाऊ आहेत. एकाच्या नावापुढे कॉम आणि एकाच्या ऑर्ग. कॉम हा भाडेकरू ठेवतो. ऑर्ग तुम्हाला घर बांधायची सगळी अवजारे फुकट देतो, जागा मात्र तुमची तुम्ही भाड्याने घ्यायची. सगळा मजकूर एका फाइलमध्ये बांधून कुठल्याही दिवशी उठून जाता येते. त्रास नाही असे नाही. घरची विहीर असली की गाळ आपणच काढावा लागतो, तसे दर थोड्या दिवसांनी काहीतरी अद्ययावत करा म्हणून ते बोंब मारते. एकदा मी ऐकले नाही, तर संपर्काचा फॉर्म बंद पडला आणि दोन आठवडे मला वाटत राहिले की मंदी आली आहे. हे सगळे धरूनही मी ऑर्गकडे गेलो. ज्यांना उगाच गाळ उपसायचा नाही आणि आयुष्यभर तिथेच राहायचे आहे, त्यांनी खुशाल विक्सवर राहावे. फक्त आयुष्यभर म्हणजे कोणाचे, हे विचारून घ्यावे. कारण जिओसिटीज १९९४ साली निघाली, १९९९ मध्ये याहूने घेतली आणि २००९ मध्ये लोकांच्या लाखो पानांसकट अमेरिकेत मिटली. दुकानदारांना गूगलने फुकट करून दिलेली एकपानी स्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. काही महिने येणाऱ्याला दुसरीकडे वळवून देत होते, जूननंतर तेही थांबले. त्या पत्त्याची कार्डे छापून घेतलेल्यांचे काय झाले असेल, हे मुद्रितशोधकाच्या डोक्यात आधी येते.

म्हणून पत्ता तरी स्वतःच्या नावावर हवा. भाच्याने तो उत्साहाच्या भरात स्वतःच्या नावावर नोंदवला होता. आमच्या घराण्यात शेतीचे खटले असेच सुरू झाले, हे त्याला समजावून सांगावे लागले. मला पत्ता देवनागरीत हवा होता. २०१४ पासून 'डॉट भारत' मिळते. पण रिसॉर्टच्या मॅनेजरच्या फोनवर मराठी कळफलक नव्हता आणि तो बसवून घ्यायची त्याची तयारी नव्हती. इथे मी हरलो. पत्ता इंग्रजीत आहे.

चाळीस टिपणे एकेक करून हाताने नव्या घरात आणली. चारच पाने केली, लाट नाही, वाघ नाही, वरती फोन नंबर ठळक. एटापल्लीवाला म्हणाला, टेकाडावर न जाताच उघडलं.

मॅनेजरला पत्ता पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन आला. "सर, छान आहे साईट. फक्त एक विचारू का? 'मुद्रितशोधन'मधला 'द्रि' ऱ्हस्व ना?"

मी म्हणालो, "हो, ऱ्हस्वच."

"मग आपण वरती दीर्घ काढलाय. मोठ्या अक्षरांत."

दुरुस्तीला एक मिनिटसुद्धा लागले नाही. घरावरच्या पाटीकडे त्या दिवशी सहज पाहिले. तिथेही दीर्घच आहे, गेली सात वर्षे. पेंटरला बोलावले आहे.