धडा चांगला, पण उशिराचा

बालभारतीच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या पुस्तकात सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या पाठात ऋतुचक्र शिकवले जाते. अंडाशयात पुटिका कशी वाढते, पीतपिंड कसे तयार होते, संप्रेरके घटली की गर्भाशयाचे अस्तर का सुटते, हा कार्यकारणभाव तेथे नीट मांडला आहे. तरीही शिक्षकाच्या नजरेने पाहता तीन उणिवा जाणवतात.

पहिली उणीव वेळेची. पाळी साधारणपणे बाराव्या-तेराव्या वर्षी, म्हणजे सहावी-सातवीत सुरू होते. दहावीपर्यंत बहुतेक मुलींच्या दृष्टीने उशीर झालेला असतो. मे २०२३ मध्ये कल्याणलगतच्या उल्हासनगरात बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर पहिल्या पाळीचे डाग दिसले. भावाने त्यावरून शरीरसंबंधाचा संशय घेतला आणि त्याच्या मारहाणीत ती दगावली, असे पोलिसांनी सांगितले. अशा हिंसेमागे केवळ अज्ञान नसते. पण अज्ञान तिला निमित्त पुरवते. म्हणून हा धडा मुलग्यांनाही वेळेवर हवा.

दुसरी उणीव आकड्याची. पुस्तकात चक्र २८ ते ३० दिवसांचे दिले आहे. प्रत्यक्षात पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे २१ ते ४५ दिवसांचे अंतरही सामान्य असते, कारण मेंदू व अंडाशय यांच्यातील संप्रेरकांचा मेळ अजून बसलेला नसतो. चाळीस दिवसांनी पाळी येणारी मुलगी फळ्यावरचा २८ वाचून स्वतःला आजारी समजेल.

तिसरी उणीव डागाविषयीच्या मौनाची. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाल्याची तक्रार झाली व मुख्याध्यापिकेला अटक झाली. मोठ्यांना पाळी म्हणजे काय ते ठाऊक असूनही हे घडले! डाग हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे, हे धड्यात लिहिलेले नसते.

ते आपण प्रयोगाने दाखवू शकतो. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. मोजपात्रात केवळ ५ मिलिलिटर लाल पाणी घ्या आणि पांढऱ्या कापडावर ओता. एवढ्याशा पाण्याचा केवढा डाग पडतो, ते मुलामुलींना एकत्र पाहू द्या. हा तास सहावीतच घ्यावा. दहावीच्या पुस्तकाची वाट पाहू नये.