चौकटीबाहेर काढलेली मावशी

अब्जाधीश मालक गरीब असल्याचं सोंग घेतो, मुलगी त्याच्याशी लग्न करते, आणि साठाव्या भागात तिला कळतं की नवऱ्याच्या नावावर अर्धं शहर आहे. नाहीतर मुलगीच खोट्या नावाने एका शेठच्या घरात शिरते. आलेली असते सूड घ्यायला, पण तो जिन्यावर धडकतो, तिला सावरतो, आणि सूड बारगळतो. हिंदीत डब केलेल्या चिनी शॉर्ट ड्रामांचे हे दोन साचे सध्या नगर जिल्ह्यात एसटी स्टँडपासून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपर्यंत वाजत असतात. वाजत असतात असंच म्हणायला हवं, कारण चित्र दिसण्याआधी आवाज येतो: थप्पड, पियानो, पुन्हा थप्पड. एवढ्यावर मी लेखणी उचलली नसती. लोकांनी फावल्या वेळात काय बघावं हे ठरवणारा मी कोण? पण एकांकिका करणारी आपली पोरं, महाकरंडकाच्या आशेवर रात्र रात्र तालमी करणारी पोरं, आता संहिता वाचताना विचारतात, ‘पहिल्या तीन सेकंदांत हुक कुठेय?’ आणि कित्ता म्हणून हाच माल पुढे ठेवतात. तेव्हा मात्र बोलणं भाग आहे.

या धंद्याची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. एक ते दोन मिनिटांचा भाग, असे साठ ते शंभर भाग, शूटिंग आठवडा-दहा दिवसांत गुंडाळायचं, पहिले काही भाग फुकट आणि ऐन वळणावर पैसे मागायचे. चीनमध्ये २०२४ साली या व्यवसायाची उलाढाल ५,०४० कोटी युआनच्या घरात मोजली गेली, म्हणजे त्या वर्षीच्या तिथल्या सिनेमाच्या तिकीट विक्रीपेक्षा जास्त. अमेरिकेत क्विबी नावाच्या कंपनीने मोबाइलवरच्या छोट्या भागांसाठी पावणेदोन अब्ज डॉलर उभे केले आणि २०२०च्या एप्रिलमध्ये सुरू होऊन त्याच वर्षी दुकान बंद केलं. त्यांना हॉलिवूडचे तारे हवे होते. चिन्यांनी ओळखलं की तारे नकोत, थप्पड पुरे. मग त्यांनीच अमेरिकन नटांना घेऊन इंग्रजीत ‘द डबल लाइफ ऑफ माय बिलियनेअर हजबंड’ काढलं आणि तेही चाललं. आता आपल्याकडे कुकू टीव्ही आहे, क्विक टीव्ही आहे, आणखी अ‍ॅप रांगेत आहेत. मराठीतही हे येणार, थोडंफार आलंच आहे.

प्रश्न असा की फसवणुकीतून फुलणारं प्रेम हा विषय आपल्याला कुणी बाहेरून शिकवायला हवा का? मराठी संगीत रंगभूमीच्या पायाभरणीतच एक बनावट साधू आहे. १८८२च्या ‘सौभद्र’मधला अर्जुन भगवी वस्त्रं घालून सासुरवाडीत मुक्काम ठोकतो, आणि सुभद्रा दुर्योधनाला द्यायला निघालेला बलराम स्वतःच तिला त्या यतीच्या सेवेला लावतो. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. पण नाटकाची गंमत प्रेक्षकाच्या माहितीत नाही, रंगमंचावरच्या कृष्णाच्या माहितीत आहे. त्याला सगळं ठाऊक असतं, तो डाव मांडतो, मध्येच भावाला टोचतो, बहिणीला रडवतो, आणि आपल्याकडे बघून जणू विचारतो की तुम्हीही या लबाडीत सामील आहात ना? फसवणारा, फसणारा आणि हे सगळं जाणणारा तिसरा, या त्रिकोणावर हा प्रकार उभा आहे. माझं म्हणणं या तिसऱ्याबद्दल आहे.

हा तिसरा सगळ्यात ठसठशीत सापडतो तो तमाशात, आणि त्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. संगमनेर हे अनंत फंदीचं गाव. १७४४ साली जन्मलेल्या या शाहिराने तमाशे गाजवले, आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी कान टोचल्यावर तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. (जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं त्या बाईंनी जिल्ह्यातल्या सर्वांत गाजलेल्या तमासगिराचा फड सोडवला, ही गोष्ट नामांतराच्या भाषणांत कुणी काढली नाही.) त्याच संगमनेरात कांताबाई सातारकरांनी आपला फड वसवला, पुरुषांच्या भूमिका गाजवल्या आणि २०२१मध्ये तिथेच देह ठेवला. त्यांचा मुलगा रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून नावाजला.

गवळणीचा भाग आठवून बघा. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्या आहेत, कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात, दाण मागतात. कृष्ण थापा मारतो, राधा रागावल्याचं सोंग करते, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोटेपणा आणि दोन्ही बाजूंनी ओढ. आणि मध्ये उभी मावशी. तिला कृष्णाची लबाडी कळते, राधेचा लटका राग कळतो, प्रेक्षकांत पुढे बसलेल्या पाटलाच्या नजरेतलंही कळतं, आणि ती ते सगळं मोठ्याने बोलते. शिवाय मावशी हा लुगड्यातला पुरुष, म्हणजे सत्य सांगणारं पात्रच सर्वांत मोठं सोंग. एवढी अवघड रचना ढोलकीच्या तालावर, लिहिलेल्या कागदाशिवाय, रोज रात्री नव्याने उभी राहते. वगात हीच जागा सोंगाड्या घेतो. राजा वेश पालटून फिरतो, सरदार दुसऱ्याच्या बायकोला भुलवतो, आणि सोंगाड्या शेजारी उभा राहून त्या भुलवण्याची किंमत काढतो. तो नायकाचा चाकर असला तरी त्याची जीभ नायकाची नाही.

आजच्या फडांत गवळण घाईने उरकतात आणि सिनेमाची गाणी लांबवतात, हे खरं आहे. नारायणगावच्या राहुट्यांवर सुपारी देणारे गावकरी आधी गाण्यांच्या पार्टीची चौकशी करतात आणि मग वगाची. तरीही दहा मिनिटांच्या उरलेल्या गवळणीत मावशी असतेच. ती गेली तर कृष्णाची छेड नुसती छेड राहील, हे त्या कलावंतांना नाट्यशास्त्र न शिकता समजतं.

आता चिनी शॉर्ट ड्रामाकडे या. नऊ बाय सोळाची उभी चौकट. तिच्यात एक चेहरा बसतो, दोन चेहरे दाटीने बसतात, तिसऱ्याला जागा नाही. उभ्या चौकटीला उंची आवडते, म्हणून एक उभा आणि एक गुडघ्यावर हे दृश्य दर चार भागांनी येतं. मालक आणि मोलकरीण, सासू आणि सून, मारणारी आणि गाल धरून बसलेली. कुणी म्हणेल, तिसरा तिथेही आहे, मालकाचा सेक्रेटरी. त्यालाही सगळं ठाऊक असतं! असतं ना. पण तो पगारी आहे. मान खाली घालून ‘हो साहेब’ म्हणण्यापलीकडे त्याला वाक्य नाही. कृष्णाने मावशीला पगारावर ठेवलं असतं तर गवळणीचं काय झालं असतं, तेच इथे झालं आहे.

आणि हे चिन्यांचं स्वतःचं तरी आहे का? ज्या चेच्यांग प्रांतात हंगत्येनच्या स्टुडिओंमध्ये हे भाग पाडले जातात, त्याच प्रांतात य्वे ऑपेरा जन्मला, जिथे पुरुषांची कामंही बायका करतात. त्यांची सर्वांत लाडकी कथा लियांग शानबो आणि झू यिंगताईची. मुलगी पुरुषाच्या वेशात तीन वर्षं त्याच्याबरोबर शिकते, त्याच्यावर जीव जडवते आणि बोलत नाही. घरी परतताना तो तिला अठरा ली अंतर सोडायला येतो. वाटेत जोडीने पोहणारे पक्षी दिसतात, विहिरीत दोघांचं प्रतिबिंब दिसतं, ती प्रत्येक वेळी सुचवते आणि त्या भल्या माणसाला काही उमगत नाही. १९५४ साली यावर चीनचा रंगीत चित्रपट निघाला, आणि चौ एन-लाय यांनी तो जीनिव्हा परिषदेत पाहुण्यांना दाखवला. त्या निरोपाच्या वाटेत फसवणूक हळूहळू असह्य होत जाते, फसवणाऱ्यालाच. शॉर्ट ड्रामात ही वाट तीन सेकंदांत कापतात. स्वतःच्या घरातलं असं रत्न विकून ज्यांनी थप्पड विकत घेतली, त्यांच्याकडे आपण कथा सांगायला शिकायचं?

मराठी मालिकांचं थोडक्यात आटोपतो, कारण त्या स्वतः आटोपत नाहीत. ‘माझी तुझी रेशीमगाठ’चा श्रीमंत नायक ओळख लपवून नायिकेभोवती घोटाळला, हा चिनी साच्याचाच सावकाश चालणारा मराठी भाऊ. ‘तुला पाहते रे’ने २०१८-१९मध्ये एक धाडस केलं होतं. प्रेमळ, वयस्क, श्रीमंत विक्रांत सरंजामे हाच कपटी निघतो, म्हणजे आकर्षण हाच सापळा. पण मालिकावाल्यांना तो धक्का झेपला नाही आणि त्यांनी पुनर्जन्म काढला. ‘अशी ही बनवाबनवी’ला हात लावत नाही. १९८८पासून तिला हात लावणारा मराठी माणूस जिवंत परतलेला नाही.

मला खरं लिहायचं आहे ते ‘फँड्री’बद्दल. नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकलेल्या नागराज मंजुळेंनी २०१३मध्ये केलेला, नगरजवळच्या अकोळनेरात घडणारा हा चित्रपट आपण जातीचा चित्रपट म्हणून वाचतो, आणि बरोबरच वाचतो. पण तो लपवाछपवीची प्रेमकथाही आहे, आणि माझ्या मते आपल्या भाषेतली सर्वांत निर्दय. जब्या शालूपासून काय लपवतो? आपला बाप गावातली डुकरं धरतो, हे. अख्ख्या गावाला जे माहीत आहे तेच एका मुलीच्या नजरेतून काही क्षण पुसून टाकायचं, एवढीच त्याची फसवणूक. शॉर्ट ड्रामाचा नायक संपत्ती लपवतो. उघडकीला आलं की त्याचा फायदाच होतो, मुलगी आणखी कृतज्ञ होते. जब्याचं उघडकीला आलं तर तो मरेल. फसवणुकीची जोखीम कुणाच्या अंगावर आहे, यावर प्रेमकथेचं वजन ठरतं. अब्जाधीशाच्या अंगावर कसलीच नाही.

आणि तिसरा? तो इथे दोन रूपांत येतो. पहिला सायकलवाला चंक्या, काळ्या चिमणीच्या नादात जब्याला साथ देणारा, त्याचं गुपित सांभाळणारा. ती भूमिका मंजुळेंनी स्वतः केली, हा योगायोग मी मानत नाही. दुसरा म्हणजे शेवटचं गाव. डुकराच्या मागे धावणाऱ्या त्या कुटुंबाकडे कठड्यावर बसून हसणारं, तमाशा बघावा तसं बघणारं. जब्या भिंतीआड लपतो, बाप त्याला बाहेर ओढतो. शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, अख्खं कुटुंब ताठ उभं राहतं आणि डुक्कर समोरून निघून जातं. इथे तिसऱ्याला सगळं ठाऊक आहे आणि त्याला मजा वाटते आहे. मावशी मोठ्याने बोलून प्रेक्षकाला सामील करून घ्यायची. मंजुळे काही न बोलता प्रेक्षकाला त्या कठड्यावर बसवतात आणि मग धोंडा भिरकावतात. हे दृश्य नऊ बाय सोळात घेऊन दाखवा. डुक्कर मावेल, गाव मावणार नाही.

पुढे ‘सैराट’मध्ये तर फसवणूक प्रेमिकांच्या हातातून काढून घेऊन माहेरच्या पिशव्यांत भरली. आईने पाठवलेल्या भेटी, चहाचे कप. शंभर थपडांचा हिशेब त्या चहापुढे फिका आहे.

‘सर, ते मनोरंजन आहे, दमलेल्या बायका बघतात, स्वप्न असतं त्यांचं’, असा बचाव तालमीतच ऐकायला मिळतो. कुठलं स्वप्न? नवऱ्याने खोटं बोलून लग्न करावं, ‘तुझी परीक्षा घेत होतो’ म्हणावं आणि बाईने हारासकट माफ करावं, हे? आपल्या जिल्ह्यात किती मुलींची लग्नं खोट्या नोकरीवर, लपवलेल्या पहिल्या लग्नावर, दुसऱ्याच्या नावच्या सात-बाऱ्यावर झाली आहेत, हे गावागावातल्या आयांना विचारा. त्यांच्या साठाव्या भागात अब्जाधीश निघाला नाही. २०२४च्या अखेरीस चिनी सरकारच्या प्रसारण खात्यालाही या मालकछाप नायकांना आवर घाला असं सांगावंसं वाटलं. सरकारी कात्रीचा मला तिटकारा आहे, पण ज्या मालाला त्याचं माहेरच कंटाळलं, तो आपण ताजा म्हणून का घ्यायचा?

आणि विषय हवाच असेल तर तो दाराशी पडला आहे. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही. तिशी उलटते, मग एक मध्यस्थ येतो, लाखांत पैसे घेतो, लांबच्या जिल्ह्यातली मुलगी दाखवतो, देवळात झटपट लग्न लागतं, आणि आठवडाभरात नवरी दागिन्यांसह गायब. पेपरात ही बातमी दोन परिच्छेदांत येते, मथळ्यात ‘बनावट नवरी’ आणि गालातल्या गालात हसू. पण त्या आठ दिवसांत त्या घरात काय झालं असेल? तिने भाकरी थापली असेल, सासूने तिच्या केसांना तेल लावलं असेल. ती स्वतःच कुणाच्या तरी धाकाने आली असेल तर? पळताना तिला एकदा तरी थांबावंसं वाटलं असेल तर? त्या पोराला तिसऱ्याच दिवशी संशय आला असेल आणि तरी तो गप्प राहिला असेल तर? फसवणूक आणि ओढ, दोन्ही इथे आहेत, आणि फसवणारी व फसणारा दोघेही कफल्लक आहेत.

तेव्हा पोरांनो, उभ्या चौकटीतच करायचं तर करा. दोन मिनिटांचे भाग पाडा, शेवटी पैसेही मागा, माझी हरकत नाही. फक्त त्या मध्यस्थाला पहिल्याच भागात चौकटीत ओढा. त्याला दोन्ही घरं ठाऊक आहेत, दोघांची किंमत ठाऊक आहे, जाताना तो चहा पिऊन जातो. त्याला ‘हो साहेब’ म्हणायला लावू नका, बोलू द्या. जागा पुरत नसेल तर नवरदेवाचा अर्धा चेहरा कापा.