पदव्युत्तर वर्गातील मानसशास्त्रीय चाचणी : संघटनात्मक निवडीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील एम. ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना औद्योगिक व संघटनात्मक मानसशास्त्र ही शाखा आकर्षित करते. मनुष्यबळ विभागातील नोकरीची वाट तिच्यातून जाते, अशी त्यांची धारणा असते. त्याच अभ्यासक्रमात मानसशास्त्रीय मापन हाही विषय असतो. या दोन विषयांची वर्गात गाठ मात्र क्वचितच पडते. प्रस्तुत लेखाचा रोख या दुराव्याकडे आहे. विद्यार्थी चाचणी घ्यावयास शिकतो. परंतु तिच्या गुणांच्या आधारे एखाद्या उमेदवारास नोकरी नाकारणे कितपत समर्थनीय आहे, हे तपासावयास शिकत नाही.

प्रात्यक्षिकाची वही

प्रात्यक्षिकाचा साचा सर्वपरिचित आहे. शेजारच्या बाकावरील विद्यार्थी प्रयुक्त होतो. रेव्हनची प्रमाणित प्रगत साचे चाचणी अथवा एखादी व्यक्तिमत्त्व शोधिका त्याला दिली जाते, मार्गदर्शिकेतील तक्त्यावरून गुणांचे शतमकात रूपांतर होते आणि ‘प्रयुक्ताची बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा अधिक आहे’ असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. तक्ता कोणत्या देशातील, कोणत्या वर्षीच्या नमुन्यावर आधारलेला आहे, हा प्रश्न तोंडी परीक्षेतही सहसा विचारला जात नाही. वास्तविक आपल्याकडे या प्रश्नाची परंपरा जुनी आहे. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी रूपांतर केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. परकी चाचणी जशीच्या तशी चालणार नाही, हे त्या पिढीने गृहीतच धरले होते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. इंग्रजी विधानांचे मराठी भाषांतर बहुधा विद्यार्थीच आदल्या रात्री करतो. ‘मी क्वचितच निराश होतो’ या विधानापुढे ‘असहमत’ अशी खूण करणाऱ्यास नेमके काय म्हणावयाचे आहे? तो वारंवार निराश होतो, की कधीच होत नाही? आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने चाचण्यांच्या भाषांतर व रूपांतरासाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली असून त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे. अशा भाषांतरित चाचणीची विश्वसनीयता व सप्रमाणता नव्याने सिद्ध करावी लागते. मूळ मार्गदर्शिकेतील आकडे मराठी प्रतीला लागू होत नाहीत.

निवडीचे गणित

मापनाची प्रमाण त्रुटी हे सूत्र प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. १५ प्रमाण विचलन व ०.९० विश्वसनीयता असलेल्या चाचणीत ही त्रुटी सुमारे ४.७ येते. म्हणजे १०० गुण मिळविणाऱ्याची खरी पातळी साधारणपणे ९१ ते १०९ या पट्ट्यात कोठेही असू शकते. आता एखाद्या कारखान्याने १०२ ही किमान मर्यादा ठरविली, तर १०१ गुणांच्या उमेदवारास परत पाठविणे आणि १०३ च्या उमेदवारास घेणे यांत मानसशास्त्र किती आणि नशीब किती? हे सूत्र परीक्षेत पाच गुणांचे असते. त्या उमेदवाराच्या दृष्टीने ते उपजीविकेचे असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या १९७१ च्या खटल्यात, विशिष्ट गटास वगळण्याचा परिणाम घडविणाऱ्या चाचणीचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखविण्याची जबाबदारी मालकावर टाकली. हा निकाल आपल्या वर्गात इतिहास म्हणूनही फारसा पोहोचत नाही.

सप्रमाणतेविषयी शिकविले जाणारे आकडेही तपासून घ्यावयास हवेत. श्मिट व हंटर यांच्या १९९८ च्या प्रसिद्ध आढाव्यानुसार कार्यक्षमतेचा अंदाज वर्तविण्यात सामान्य बौद्धिक क्षमता व संरचित मुलाखत या दोहोंचा सहसंबंध ०.५१ होता. बुद्धिमत्ता चाचणीची वर्गातील प्रतिष्ठा बऱ्याच अंशी या आकड्यावर उभी आहे. सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये त्याचा पुनर्विचार केला. नोकरीवर घेतलेल्यांचेच गुण उपलब्ध असले की गुणांचा विस्तार आकसतो व सहसंबंध प्रत्यक्षाहून कमी दिसतो. म्हणून तो सुधारून वाढविला जातो. परंतु जेथे विस्तार फारसा आकसलेलाच नव्हता, अशा अभ्यासांनाही ही सुधारणा लावली गेली, असा त्यांचा आक्षेप आहे. त्यांच्या मांडणीत बौद्धिक क्षमतेचा सहसंबंध ०.३१ वर येतो, संरचित मुलाखतीचा ०.४२ राहतो आणि असंरचित मुलाखतीचा ०.१९ पर्यंत घसरतो. ०.३१ चा वर्ग केल्यास कार्यक्षमतेतील फरकांपैकी जेमतेम दहा टक्के भागाचा उलगडा होतो. हा वाद संपलेला नाही. पण सांख्यिकीची एक साधी वाटणारी सुधारणा निष्कर्ष कसा हलविते, हे शिकविण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कार्यस्थळावरील चार श्रेयांक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर रचनेत प्रथम वर्षाच्या दुसऱ्या सत्रात ऑन जॉब ट्रेनिंग अथवा क्षेत्र प्रकल्पास चार श्रेयांक आहेत. विद्यार्थी औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कंपनीत जातो, हजेरीपत्रके व अर्ज लावून देतो आणि प्रमाणपत्र घेऊन परततो, असे होऊ लागले तर संधी वाया गेली म्हणावयाची. महागड्या चाचण्या विकत घेणे बहुतेक महाविद्यालयांना परवडत नाही, ही अडचण खरी आहे (छायाप्रतींवर चालणाऱ्या प्रयोगशाळांविषयी न बोललेलेच बरे). मात्र संरचित मुलाखतीस परवाना लागत नाही. पाळी पर्यवेक्षकाच्या एकाच पदाचे कार्यविश्लेषण करणे, त्यातून सर्व उमेदवारांसाठी समान प्रश्न तयार करणे, चांगले, मध्यम व कमकुवत उत्तर कसे असेल याचे नमुने आधी लिहून ठेवणे, दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे गुणांकन करून त्यांतील सहमती काढणे, एवढे काम या श्रेयांकांत सहज बसते. मुलाखतीपुरते आपलेच एम. ए. चे विद्यार्थी उमेदवार म्हणून घेता येतील. गुणदान करणाऱ्या दोघांत कोठे व का मतभेद झाला, हे मात्र वहीत आकड्यांसह लिहून घ्यावे आणि तोंडी परीक्षेत प्रश्न त्यावरच विचारावेत.