'वजनदार' : एक विशेषण, एक चित्रपट आणि स्त्रीवेष

लोणंदच्या कांद्याच्या बाजारात 'वजन' हा शब्द कोणालाही लाजवीत नाही. माल वजनाला भरला की विकणाऱ्याचा चेहरा खुलतो. मूळ अरबी असलेला हा शब्द फार्सीच्या वाटेने मराठीत आला आणि 'दार' हा प्रत्यय घेऊन माणसालाही लागू लागला. वजनदार पुढारी, वजनदार शब्द, अशा प्रयोगांत तो गौरवाचाच आहे. परंतु त्याच गावात कापडाच्या दुकानाची पायरी एखादी स्थूल स्त्री चढली, की या विशेषणाचा लक्ष्यार्थ एकाएकी गळून पडतो आणि वाच्यार्थ तेवढा शिल्लक राहतो. 'लठ्ठ' या शब्दाचीही हीच गत. पगार लठ्ठ असावा, बायको नसावी.

सचिन कुंडलकर यांच्या २०१६ मधील 'वजनदार' या चित्रपटाचे शीर्षक नेमके या द्व्यर्थावर उभे आहे. चित्रपट घडतो तो पाचगणीस, म्हणजे लोणंदच्याच सातारा जिल्ह्यात. सई ताम्हणकर व प्रिया बापट यांनी साकारलेल्या दोन मैत्रिणी वजन उतरविण्याच्या खटाटोपात पडतात. अशा देहाच्या स्त्रिया मराठी पडद्याच्या मध्यभागी आणणे हे धाडस होते, यात शंका नाही. तथापि कथेची गाठच वजन उतरविण्याशी बांधली गेल्यामुळे, आहे त्या देहाला काय शोभेल व तो ऐटीत कसा मिरवावा, हा अधिक मोलाचा प्रश्न मागे पडतो. शिवाय या भूमिकांसाठी दोन्ही अभिनेत्रींनी मुद्दाम वजन वाढविले व पुढे ते उतरविले, ही गोष्ट चित्रपटाइतकीच गाजली. स्थूलता येथे पात्राच्या देहाची राहिली नाही. ती अंगावर चढवून पुन्हा खुंटीला टांगता येणारा पोशाख झाली.

याला मराठी रंगभूमीवर एक जुना व विलक्षण दाखला आहे. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) नेसलेले शालू, घातलेली नथ, केसांची ठेवण यांचे अनुकरण प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांनी केले. पुढे त्यांचा देह जड झाला, तरीही प्रेक्षक त्यांच्यात सिंधू व भामिनीच पाहत राहिले. भरल्या अंगाच्या नायिकेने महाराष्ट्राला नेसावे कसे हे शिकविले, परंतु ती नायिका पुरुष होती! एके ठिकाणी स्त्रीत्व उसने, दुसऱ्या ठिकाणी भार उसना. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या त्या उसनेपणाला. जिचे दोन्ही स्वतःचे आहे, त्या लोणंदच्या गृहिणीच्या वाट्याला मात्र त्या आल्या नाहीत.

तिच्या वाट्याला जी भाषा आली, ती अभ्यासकांनी पाहण्याजोगी आहे. बाळंतीण 'अंगाने भरते', हे कौतुक. तीच पाच वर्षांनी 'अंगाने सुटते', ही निंदा. देहात फरक फारसा नसतो, क्रियापदात असतो. 'सुटणे' या क्रियापदात आधी कोणीतरी बांधून ठेवले होते हे गृहीतच आहे. पुरुष मात्र सुटत नाही, तो 'भारदस्त' होतो. सुटलेच तर त्याचे पोट तेवढे सुटते, तो स्वतः शाबूत राहतो.

वस्त्रांच्या नावांत याहून गंभीर स्थित्यंतर दडलेले आहे. नऊवारी, सहावारी ही मापे लुगड्याची आहेत, नेसणारीची नव्हेत. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. शेतात वाकणारी, पालखीच्या वाटेवर नीरा ओलांडून लोणंदच्या तळावर उतरणारी किंवा मंगलकार्यात मिरवणारी, कोणत्याही बांध्याची स्त्री ते आपल्या अंगाबरहुकूम नेसते. निऱ्या किती घालावयाच्या आणि ओचा कोठे खोवावयाचा, हे तिचा देह ठरवितो. या भागात परिचित असलेले इरकली लुगडे आणि गुळेदगुड्डच्या खणाची समोर गाठ मारावयाची चोळी यांनी 'बसत नाही' अशी तक्रार क्वचितच केली असेल. (लुगड्याच्या नावाखाली सुनांवर लादलेले नियम ही निराळी व कमी गोड हकीकत आहे, तिचा दोष कापडावर टाकता येत नाही.)

तयार कपड्यांबरोबर माप कापडाकडून देहाकडे आले आणि वाक्यरचनाही पालटली. 'हा झंपर मला होत नाही' या मराठमोळ्या वाक्यात कर्ता झंपर आहे. होण्याची जबाबदारी त्याची; बाई चतुर्थी विभक्तीत निवांत उभी आहे. 'मी यात मावत नाही' असे म्हणताच कर्तेपद, आणि त्याबरोबर अपराधही, तिच्याकडे येतो. दुकानदाराचे 'तुमची साईझ नाही' हे वाक्य तर आणखी पुढे जाते. 'तुमच्या साईझचा कपडा नाही' यातील कपडाच त्यातून नाहीसा झाला आहे. उरली ती बाई आणि तिच्या नावावर मांडलेला अभाव. 'फ्री साईझ' या संज्ञेतील स्वातंत्र्य कितपत मोकळे असते, हे ती वापरून पाहणाऱ्या स्त्रियाच जाणतात.

या अपराधी वाक्यांना उत्तर म्हणून 'बारीक दिसाल' असे आश्वासन देण्याचा प्रघात आहे: गडद रंग घ्या, उभ्या रेघा घ्या, मोठी नक्षी टाळा. हा उपदेश लपविण्याचा आहे, शृंगाराचा नव्हे. मराठीजवळ याहून चांगला शब्द आहे, तो म्हणजे 'ठसठशीत'. कुंकू ठसठशीत असते, दागिना ठसठशीत असतो आणि रुंद काठांचे इरकली नेसून चारचौघींत नजरेला नजर देऊन बसलेली बाईही ठसठशीतच. या विशेषणात लहान दिसण्याची विनवणी नाही. उलट, अंगाने मोठी असलेली स्त्री मोठा काठ आणि मोठी नक्षी जशी पेलते, तशी ती किरकोळ अंगाच्या स्त्रीला सहसा पेलवत नाही, हे जुन्या विक्रेत्यांना सांगावे लागत नसे.

शिंप्यांच्या बोलीतील एका शब्दाची नोंद येथे करावयास हवी. झंपर शिवताना आतल्या बाजूने, पुढे उसवून सैल करता यावा म्हणून, जे जास्तीचे कापड सोडतात त्याला 'माया' म्हणतात. बेतलेल्या कपड्यात ती दोन्ही कुशींना दोनेक बोटे असते. कारखान्यातून शिवून येणाऱ्या कपड्यात ती जेमतेम शिवणीपुरती ठेवलेली आढळते.