‘निष्ठा’ शिक्षणक्रम : एक परीक्षण

प्रारंभिक शाळांतील सुमारें ४२ लक्ष शिक्षकांस व शाळाप्रमुखांस प्रशिक्षण देण्याच्या उद्देशानें केंद्र सरकारनें २०१९ सालीं ‘निष्ठा’ योजना काढिली. २०२० सालीं तिचे १८ पाठ ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर आले. आडगांवच्या शिक्षकापर्यंतही तेच पाठ पोहोंचविणें हें कार्य थोर होय. तथापि एक उणीव दाखविणें आम्हांस प्राप्त आहे. भाषा, सामाजिक शास्त्रें व तंत्रज्ञान यांस येथें निरनिराळे पाठ दिले आहेत. वर्गांत मात्र तीं एकत्रच यावयास हवींत. शिवजन्माची तिथि घ्या. जेधे शकावली फाल्गुन वद्य ३, शके १५५१ देते. शिवकालानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली चिटणिसी बखर शके १५४९ सांगते. दोन्ही नोंदी पडद्यावर शेजारीं मांडून ‘हें कोणीं, केव्हां लिहिलें?’ असें विचारिल्यास मूल शब्द न् शब्द पारखून वाचूं लागेल. आमच्या मतें साक्षरता ती हीच. नुसतीं चलच्चित्रें दाखविल्यानें वाचन वाढत नाहीं, टळतें. यास्तव यंत्राच्या कळा शिकविण्यापूर्वीं अस्सल साधनें वाचण्याची संवय शिक्षकांस लावावी, अशी आमची सूचना आहे.