सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी

आपल्याकडे कथा-कादंबऱ्यांची समीक्षा भरपूर होते, नाटकाची तर कधी कधी प्रयोगाआधीच होते. पण जुन्या गाडीच्या जाहिरातीकडे एकाही समीक्षकाचं लक्ष जाऊ नये, याला काय म्हणावं? वास्तविक इतक्या थोडक्या शब्दांत इतकी कल्पनाशक्ती ओतणारा दुसरा वाङ्मयप्रकार मराठीत नाही. नमुना पाहा : ‘सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी, २०१३, डिझेल, रनिंग फक्त ५२,०००, टायर नवे, एसी थंडगार, बदलीमुळे विकणे, गरजूंनीच फोन करावा.’ यात नायक आहे, नायिका आहे, विरह आहे. स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉक्टरांची बदली कोण करतं, हा प्रश्न रसिकाने विचारायचा नसतो.

गेले दोन महिने आम्ही हे वाङ्मय व्यासंगाने वाचतो आहोत. सौ.च्या गुडघ्यांनी स्कूटरवर मागे बसायला साफ नकार दिला आहे. हडपसर ते डेक्कन, जाऊन-येऊन चोवीस किलोमीटर रोजचे. शिवाय महिन्यातून दोनदा कऱ्हाडला आईकडे. ती एकटी असते, आणि एस.टी.च्या वेळा तिच्या दम्याला ठाऊक नसतात. प्रॉव्हिडंट फंडातून अडीच लाखांवर एक पैसा काढायचा नाही, असा घरचा ठराव आहे.

सल्ला मात्र सगळ्यांचा एकच. ‘डिझेल घ्या हो, परवडतं!’ ही म्हण झाली आहे, आणि म्हणींचं असं असतं की परिस्थिती बदलली तरी त्यांना कोणी कळवत नाही. जून २०१० मध्ये सरकारने पेट्रोलच्या भावावरचा हात काढला, डिझेलवरचा काढला तो ऑक्टोबर २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत दोघांच्या भावात एवढं अंतर पडलं की लोक डिझेल गाडीवर तुटून पडले. आज स्वस्तात मिळणाऱ्या डिझेल गाड्या बऱ्याचशा त्याच लाटेतल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आलं आणि मारुतीने तर डिझेल गाड्या करणंच थांबवलं.

आम्ही बी.कॉम. असल्याने काव्यातही आकडेमोड करतो. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ धरा. पेट्रोलची गाडी लिटरला पंधरा, डिझेलची वीस. नुसतं ऑफिस केलं तर महिना सहाशे किलोमीटर, आणि बचत साधारण चौदाशे रुपये. एखाद्या वर्षी टर्बो आणि इंजेक्टर एकदम बसले, की दोन-तीन वर्षांची बचत मेकॅनिकच्या खात्यात जमा. कऱ्हाड धरलं तर महिना साडेबाराशे किलोमीटर, बचत जवळजवळ तीन हजार. म्हणजे आमच्या बाबतीत डिझेलची बाजू आईमुळे उभी आहे. ज्यांना गावातल्या गावातच फिरायचं आहे, त्यांनी मुकाट्याने पेट्रोल घ्यावं.

आता मूळ संहितेकडे वळू. ‘रनिंग फक्त ५२,०००’ ही ओळ कवीला सर्वांत प्रिय, आणि आमच्या मते तीच सर्वांत सदोष. डिझेल इंजिनाला तापायला वेळ लागतो. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, बंद. पुन्हा तीन किलोमीटर, बंद. असं बारा वर्षं झालं की काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये आणि टर्बोत घर करते. (२०२० नंतरच्या गाड्यांत काजळी धरणारी गाळणीच असते, ती जळून साफ व्हायला गाडी सलग पळावी लागते.) उलट औषध कंपनीच्या एम.आर.ची सातारा-कऱ्हाड-सांगली करून १,४०,००० झालेली गाडी, वेळेवर ऑइल बदललं असेल, तर जास्त निरोगी. डॉक्टरांपेक्षा डॉक्टरांना भेटायला जाणाऱ्याची गाडी बरी!

शिवाय ५२,००० हा आकडा मूळचा की प्रक्षिप्त, ही पाठचिकित्साही करावी लागते. क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत, स्टीअरिंगवर हात फिरून फिरून चकाकी, आणि मीटर मात्र कुमारवयात, अशी नायिका आम्ही तीन ठिकाणी पाहिली. सर्व्हिसची बिलं हेच खरं हस्तलिखित. ती ‘पावसात भिजली’ असतील तर पुढचं ऐकू नये.

कंपन्यांची नावं वाचून भारावूही नये. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो या तिघींच्या पोटात फियाटचंच १.३ लिटरचं इंजिन होतं. एकाच लेखाला तीन मासिकांनी तीन मथळे दिल्यासारखं. फरक पडतो तो मालकाने.

एक ओळ मात्र या वाङ्मयात कधीच येत नाही, आणि ती आमच्या खात्यातली आहे. कर्ज फिटलं म्हणजे आर.सी. मोकळी झाली, असं लोक समजतात. आमच्या काउंटरवर आठवड्याला एक तरी गृहस्थ येतो : ‘साहेब, हप्ते कधीच संपले, आता गाडी विकायची तर आर.टी.ओ.त बँकेचं नाव निघतंय!’ बँकेची एन.ओ.सी. आणि पस्तीस नंबरचा फॉर्म आर.टी.ओ.त गेल्याशिवाय ते नाव हलत नाही. एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म सही करून हातात आल्याखेरीज पैसे देऊ नयेत. आणि आर.सी.ची पंधरा वर्षं केव्हा भरतात ते बघून ठेवावं. नूतनीकरणाची ६०० रुपयांची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० झालेली आहे.

सध्या एका एम.आर.च्या गाडीची जाहिरात आमच्या टेबलावर आहे. शैली रूक्ष, विशेषणं जवळजवळ नाहीत, रनिंग १,३८,०००, ‘डाव्या दाराला पोचा आहे’ असं चक्क छापलेलं. पोचा कबूल करणारा हा पहिलाच लेखक. रविवारी सकाळी सातला बघायला जायचं आहे. इंजिन गार असतानाच सुरू करून बघायचं, धूर काळा निघतो की निळा ते मागे उभं राहून पाहायचं. म्हणून फोनवर बजावलं, आम्ही येईपर्यंत गाडी अजिबात चालू करू नका, बॉनेटला हात लावून बघणार आहे.

पलीकडून आवाज आला, “या की साहेब. थर्मामीटर मी देतो.”